श्रद्धा नेत्याची, भार कुणावर?

संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू असताना हरि विष्णू कामत यांनी एक दुरुस्ती मांडली. ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांच्या आधी ‘ईश्वराच्या नावाने’ असे शब्द घालावेत, एवढीच त्यांची मागणी होती. सभागृहात नास्तिक थोडेच होते. पूजाअर्चा करणारे, गीता वाचणारे, नमाज पढणारे, चर्चला जाणारे असेच बहुतेक सभासद. तरीही विरोध झाला. थानू पिल्लै यांनी याला श्रद्धेच्या बाबतीतली सक्ती म्हटले. इतक्या अंतरीच्या गोष्टीवर सभागृहात वाद व्हावा, याचा हृदयनाथ कुंझरूंना खेद वाटला. देवावर मतदान करण्याची अवघड वेळ आमच्यावर आणू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामत मागे हटले नाहीत. दुरुस्तीच्या बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. याच संविधानाने प्रत्येक नागरिकाला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ घेण्याची मोकळीक ठेवली आणि ज्याला ती नको त्याला गांभीर्यपूर्वक दृढकथनाचा मार्गही दिला. थोडक्यात, देवाला मानणाऱ्यांच्याच बहुमताने ठरवले, की देव प्रत्येकाच्या शपथेत असू शकतो, पण सर्वांच्या वतीने केलेल्या घोषणेत त्याला आणता येणार नाही.

राजकारण्यांनी आपली धर्मश्रद्धा सार्वजनिक जीवनात व्यक्त करावी की नाही, या वादाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. श्रद्धा ही खासगी बाब आहे, ती घराच्या उंबऱ्याआत ठेवावी, असे एक पक्ष म्हणतो. हा समाजच धार्मिक आहे, मग त्याच्या प्रतिनिधीने श्रद्धा का लपवावी, असा दुसऱ्याचा सवाल असतो. गेल्या पाऊणशे वर्षांतले प्रसंग क्रमाने पाहिले, तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. श्रद्धा दिसली की झाकली, यावर फार काही अवलंबून नसते. त्या श्रद्धेचा भार कुणावर पडला, हे पाहावे लागते. नेत्याची श्रद्धा त्याच्या स्वतःवर बंधन घालत असेल, तर ती सार्वजनिक जीवनाला बळ देते. ती दुसऱ्याकडून काही वसूल करू लागली, मग ते मत असो, सरकारी पैसा असो की मान खाली घालणे असो, की तिथे सत्तेचा धर्माशी व्यवहार सुरू होतो.

पहिल्या प्रकारची सर्वांत स्पष्ट उदाहरणे १९४७ सालातलीच आहेत. गांधीजींची सायंप्रार्थना हा देशातला सर्वांत सार्वजनिक असा धार्मिक प्रसंग होता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दिल्लीत कुराणातील आयतींच्या पठणाला काही श्रोत्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा गांधीजींनी प्रार्थना थांबवली. संख्याबळ त्यांच्याकडे होते, पण विरोध करणाऱ्यांना गप्प करून प्रार्थना उरकणे त्यांना मान्य नव्हते. आयती गाळून सोपी प्रार्थना करणेही त्यांनी नाकारले. त्यानंतर महिनाभरातच, १ मे रोजी, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, यासाठी ते आधी महाराष्ट्रभर फिरले होते. १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. गुरुजी काँग्रेसचे कार्यकर्ते होते, तुरुंगवास भोगलेले राजकीय पुरुष होते, आणि त्यांची विठ्ठलभक्ती उघड होती. पण त्या भक्तीने जाब विचारला तो स्वधर्मीयांना, आणि पणाला लावला तो स्वतःचा जीव. ही श्रद्धा उंबऱ्याआत ठेवायला सांगितली असती, तर पंढरपूरचे दार आणखी किती वर्षे बंद राहिले असते, कोण जाणे.

सोमनाथचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल आणि काकासाहेब गाडगीळ प्रभासपट्टणला गेले आणि मंदिराच्या पुनर्उभारणीची घोषणा झाली. गांधीजींनी तिला विरोध केला नाही, मात्र एक अट सांगितली: खर्च सरकारी तिजोरीतून नको, लोकवर्गणीतून व्हावा. सरदारांनी ती मानली आणि काम विश्वस्त मंडळाकडे गेले. पटेल वारल्यानंतर, ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली. त्यांनी जाऊ नये, असे नेहरूंचे मत होते. २ मे रोजी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात नेहरूंनी हा समारंभ सरकारी नाही आणि भारत सरकारचा त्याच्याशी संबंध नाही, असे बजावले. सौराष्ट्र सरकारने दिलेल्या निधीवरही त्यांनी हरकत घेतली. मशिदीचे वा चर्चचे निमंत्रण आले असते तरी आपण गेलो असतो, असे राजेंद्रप्रसादांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. पण याच राष्ट्रपतींनी पुढे काशीत ब्राह्मणांचे पाय धुतले, तेव्हा डॉ. राममनोहर लोहियांनी त्यावर कठोर टीका केली. तो आक्षेप आजही टिकतो. पाय धुणाऱ्याची नम्रता खरी असेल, पण ज्यांच्या वाट्याला जन्माने अपमान आला, त्या कोट्यवधी नागरिकांना प्रजासत्ताकाच्या प्रमुखाने त्या कृतीतून काय सांगितले? सर्वोच्च पदावरच्या माणसाच्या खासगी भक्तीलाही पदाचे वजन चिकटते, आणि ते वजन दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर पडते.

श्रद्धेच्या सार्वजनिक उच्चाराला सरसकट मनाई करू पाहणाऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आठवावे. राज्यसभेचे सदस्य असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसमवेत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. याहून उघड, याहून राजकीय परिणाम घडवणारी धर्मघोषणा आधुनिक भारतात झालेली नाही. बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवतांचा स्पष्ट त्याग होता, पण त्या प्रतिज्ञा घेणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेल्या होत्या. बाबासाहेबांनी सरकारकडे विहारासाठी निधी मागितला नाही, की धम्माच्या नावावर मते मागितली नाहीत. उलट या श्रद्धेची किंमत दीक्षा घेणाऱ्यांनीच मोजली. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्रीय सवलती १९५० च्या आदेशाने हिंदूंपुरत्या मर्यादित होत्या, १९५६ मध्ये त्यात शीख आले, पण बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. मधल्या काळात महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राच्या नोकऱ्यांत आणि राखीव मतदारसंघांत एका पिढीने नुकसान सोसले. श्रद्धेखातर काही गमावण्याची तयारी ही तिच्या खरेपणाची सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. जी श्रद्धा बोलून दाखवल्यावर फक्त मिळतच जाते, तिच्याकडे लोकांनी सावधपणे पाहायला हवे.

आषाढी एकादशीच्या शासकीय महापूजेकडेही याच नजरेने पाहता येते. मुख्यमंत्री सपत्नीक पूजा करतात, दर्शनबारीतल्या एका वारकरी दांपत्याला शेजारी उभे राहण्याचा मान मिळतो, राज्यासाठी पावसापाण्याचे साकडे घातले जाते. सत्तरच्या दशकात समाजवादी मंडळींनी या पूजेच्या औचित्यावर प्रश्न उभा केला होता, तरी प्रथा टिकली, कारण मराठी मनाचा वारीशी असलेला जिव्हाळा खोल आहे. पण ही पूजा व्यक्तीची राहिलेली नाही, ती पदाची झाली आहे. मुख्यमंत्री भाविक असो वा नसो, त्याने यायचेच. म्हणूनच २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी पूजेला विरोध जाहीर केला, तेव्हा देवेंद्र फडणवीसांनी वारकऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण देत पंढरपूरला जाणे टाळले आणि ‘वर्षा’ या शासकीय निवासस्थानी पूजा केली. पूजेला राजमान्यतेचा अर्थ चिकटला की ती अडवणे हेही राजकीय हत्यार होते. मुख्यमंत्र्याने वारीत चालावे, बारीत उभे राहावे, त्याला कुणाचीही हरकत नसावी. राज्याच्या वतीने पहिला मान घेण्याची प्रथा मात्र एखाद्या मुख्यमंत्र्याने स्वतःहून सोडली, तर त्याच्या भक्तीत काही उणे येणार नाही.

१९८५ नंतर व्यवहार उघड झाला, आणि त्याचा दोष एकाच पक्षावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. शाहबानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटितेला पोटगी दिली. काँग्रेस सरकारने १९८६ मध्ये कायदा करून त्या निकालाचा आधार काढून घेतला. मौलवींच्या नाराजीचा भार मुस्लिम स्त्रियांवर टाकला गेला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला फैजाबादच्या न्यायालयाच्या आदेशाने अयोध्येतल्या वादग्रस्त वास्तूचे कुलूप उघडले गेले, आणि १९८९ मध्ये राजीव गांधींनी फैजाबादमधून रामराज्याच्या आश्वासनाने प्रचार सुरू केला. २५ सप्टेंबर १९९० ला लालकृष्ण अडवाणींची रथयात्रा सोमनाथहून निघाली. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसे मेली. रस्त्यावरच्या नमाजाला उत्तर म्हणून सुरू झालेल्या महाआरत्यांची नोंद या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने घेतली आहे. आरती देवासमोर म्हणतात. ती शेजाऱ्याला ऐकवण्यासाठी चौकात म्हटली गेली, तेव्हा तिचा रोख देवाकडे उरला नव्हता.

कायद्याने मतांपुरती तरी रेषा आखण्याचा प्रयत्न केला, आणि त्यातले दोन महत्त्वाचे खटले मुंबईतले आहेत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्माच्या नावाने मत मागण्याला भ्रष्ट आचरण ठरवते. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेतर्फे जिंकलेल्या डॉ. रमेश प्रभू यांची निवड प्रचारसभांतल्या भाषणांमुळे उच्च न्यायालयाने रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, आणि १९९९ मध्ये त्याच भाषणांपायी बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. मात्र त्याच निकालात, हिंदुत्व या शब्दाचा नुसता उच्चार म्हणजे धर्माच्या नावाने मत मागणे नव्हे, असेही न्यायालय म्हणाले. पुढे सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात, २ जानेवारी २०१७ रोजी, सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले, की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माचा हवाला देऊन मत मागणेही निषिद्ध आहे. अल्पमतातल्या न्यायमूर्तींची चिंताही योग्य होती: धर्म वा जात यांमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी तो अन्याय प्रचारात मांडायचा नाही काय? तो जरूर मांडावा. अन्यायाची दाद मागणे आणि ‘तू आपल्यातला, म्हणून मला मत दे’ असे सांगणे, यांत फरक करता येतो.

यावर पहिला आक्षेप असा, की ही सारी शिस्त बहुसंख्याकांनाच का? सरकारी इफ्तार पार्ट्या कुणी थांबवल्या? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर राष्ट्रपती भवनाने दिले आहे. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांनी इफ्तारवरचा खर्च अनाथालयांकडे वळवला. रामनाथ कोविंद यांच्या कार्यकाळात करदात्यांच्या पैशाने तिथे कोणताही धार्मिक सोहळा न करण्याचे धोरण जाहीर झाले. नियम सर्वांना सारखा असेल तरच तो नियम. याच मापाने अयोध्येकडेही पाहावे. मंदिर न्यायालयाच्या निकालानंतर आणि भाविकांच्या देणग्यांतून उभे राहिले, म्हणजे गांधीजींची सोमनाथची अट तिथे पाळली गेली. २२ जानेवारी २०२४ च्या प्राणप्रतिष्ठेआधी नरेंद्र मोदींनी केलेले अकरा दिवसांचे अनुष्ठान हा त्यांचा अधिकार होता. पण पंतप्रधानांनी स्वतः मुख्य विधींना बसणे, केंद्रीय कार्यालयांना अर्ध्या दिवसाची आणि महाराष्ट्रात पूर्ण दिवसाची सुट्टी देणे, यातून एका श्रद्धेचा सोहळा राज्याचा सोहळा झाला. ईद-नाताळलाही सुट्ट्या असतात, हे खरे. परंतु त्या दिवशी पंतप्रधान नमाजाचे वा प्रार्थनेचे नेतृत्व करत नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की भार कुणावर पडला हे ठरवणार कोण, नेत्याच्या मनात कोण शिरणार? मनात शिरण्याची गरज नाही. खर्च कुणाचा, मंचावर पद बसले की व्यक्ती, बोलण्याचा शेवट मतदानाच्या आवाहनाने झाला काय, आणि त्या श्रद्धेने नेत्याला कधी काही गमवायला लावले काय, हे चार प्रश्न कोणत्याही सामान्य नागरिकाला विचारता येतात आणि त्यांची उत्तरे उघड्यावर सापडतात. गांधीजी, साने गुरुजी आणि बाबासाहेब या कसोटीला उतरतात. तिघांची श्रद्धा वेगळी, आणि तिघांचीही जगजाहीर.

नेत्याने देवळात जाऊ नये, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. त्याने आपल्या नावाने, आपल्या पैशाने आणि आपल्या मतासाठी जाऊ नये, हे सांगण्याचा हक्क मात्र संविधानाने आपल्याला दिला आहे. पुढच्या निवडणुकीत कुणी कपाळावरचा टिळा, डोक्यावरची टोपी किंवा गळ्यातला क्रूस दाखवून मत मागायला आला, तर त्याच्या श्रद्धेचा आदर करावा, आणि तिने त्याच्याकडून आजवर काय करवून घेतले, एवढे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर मत दुसऱ्याला द्यावे.