टाके घातलेले थर

भिलाईला मी गेलो होतो पोलादासाठी. १९५५चा सोव्हिएत करार, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, रेल्वेचे रूळ. टिपणं तयार होती. पण सेक्टर नऊमध्ये चहाच्या टपरीवर कुबडी टेकून बसलेला विशीतला एक मुलगा भेटला आणि लेखाचा विषयच बदलला. त्याला सिकलसेल होता. कोयत्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशींनी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा अडवला, की ते हाड मरतं. छत्तीसगडपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंत हा आजार घरोघरी ओळखीचा आहे. बाकी ठिकाणी साठीत बदलायचा खुबा इथे कित्येकांना तारुण्यातच बदलावा लागतो.

बदललेल्या खुब्याला खरं भय जंतूंचं, आणि सिकलसेलच्या रुग्णात ते अधिक. कृत्रिम खुब्याच्या धातूवर जंतू एकदा चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत पापुद्रा विणतात. मग औषध आत पोचत नाही. १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं: आधी शरीराच्या पेशी पोचतात की जंतू?

या शर्यतीत पेशींची बाजू घेणारा लेप कसा चढतो, ते मी पुढे एका प्रयोगशाळेत पाहिलं. एक संशोधक मुलगी टायटॅनियमची चकती कायटोसनच्या द्रावात बुडवत होती. कोळंबीच्या सालापासून मिळणारं हे पॉलिमर धनभारित. दहा मिनिटांनी चकती बाहेर, पाण्यात धुतली, मग ऋणभारित हायलुरॉनिक आम्लात. पुन्हा धुणं, पुन्हा कायटोसन. यंत्र असं काही नाहीच. चार चंचुपात्रं आणि घड्याळ. मी दोन तास तिथून हललो नाही. मला खिळवलं ते एका गोष्टीनं: प्रत्येक थर खालचा भार फेडून थोडा उरतो. त्या उरलेल्या भारामुळे पृष्ठभागाचं चिन्ह उलटतं. तोच थर आणखी चढत नाही, पुढच्याला मात्र जागा होते. हे तंत्र स्ट्रासबर्गच्या गेरो डेशर यांनी १९९०च्या दशकात रुजवलं. ड्युपाँटचे आयलर यांनी १९६६ मध्येच सूक्ष्म कणांचे असे थर रचून दाखवले होते.

पण नुसत्या भारावर धरलेले थर म्हणजे न शिवलेली गोधडी. क्षार किंवा आम्लता बदलली की ते फुगतात, सुटतात. म्हणून टाके. कार्बोडायइमाइड नावाचं रसायन एका साखळीतला आम्लगट दुसरीतल्या अमाइनगटाशी कायमचा जोडतं आणि स्वतः त्या बंधात राहत नाही. ते सुईचं काम करतं, दोऱ्याचं नव्हे. टाक्यांनी लेप कडक होतो आणि अशा कडक लेपावर पेशी जास्त घट्ट बसतात.

पेच इथेच आहे. कायटोसन जंतू मारतं ते बरंचसं त्याच अमाइनगटांच्या धनभारामुळे. टाके वाढवले की तेच गट खर्ची पडतात. कमी घातले तर लेप उसवतो. त्यात खुब्याचा दांडा हाडात ठोकून बसवायचा, त्या घर्षणात काही नॅनोमीटरचे थर किती टिकणार? निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची १२१ अंशांची वाफ त्यांना मानवेल का? उरलेलं रसायन पूर्ण धुऊन निघालं, हे दाखवावं लागतं. मग विषारीपणाच्या चाचण्या, प्राणी, माणसं, आणि २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालचा परवाना. चकतीवर जमलेली गोष्ट खुब्यापर्यंत पोचायला वर्षं जातात, आणि बरेच लेप चकतीवरच राहतात. मला याची काळजी वाटते.

भिलाईजवळ कुटेलाभाठ्याला आयआयटी भिलाईचा नवा परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रार्पण झाला. पोलाद कारखान्याचं रुग्णालय भिलाईतच आहे आणि सिकलसेलचे रुग्ण आसपासच्या गावांत. अशा लेपांची परीक्षा बाहेरच्या सरासरी रुग्णावर न थांबवता या मुलांच्या हाडांसाठी, त्यांच्या रक्तासाठी वेगळी व्हावी, अशी या दोन्ही संस्थांना माझी विनंती आहे. ती मुलं विशीत आहेत. त्यांचा खुबा चाळीस-पन्नास वर्षं चालायला हवा.