लाखांदूरच्या मातीखाली काय दडलंय? भूकंप, खडक आणि आपल्या घराच्या भिंती

लाखांदूर : 4 डिसेंबर 2024 रोजी सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात 5.3 रिश्टरचा भूकंप झाला. गडचिरोली, चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत त्याचे हादरे जाणवले. असं काही घडलं की गावागावात तेच प्रश्न निघतात. आपल्याकडे मोठा भूकंप होऊ शकतो का? झालाच तर आपलं घर टिकेल का? याची उत्तरं शोधायची तर आधी पायाखालची जमीन समजून घ्यावी लागेल.

जमीन हलते कशामुळे?

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांत विभागलेलं आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणजे प्लेट म्हणतात. आपला देश ज्या प्लेटवर आहे ती वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते. आपली नखं वाढतात, साधारण त्याच वेगाने. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी ही प्लेट आशियाच्या प्लेटला धडकली आणि त्या रेट्यातून हिमालय वर आला. तो रेटा आजही थांबलेला नाही.

भरलेल्या बैलबंडीला मागून जोर लावला तर ताण चाकापासून जुवापर्यंत सगळीकडे जातो आणि जिथे लाकूड आधीच चिरलेलं असतं तिथे ते मोडतं. देशाच्या पोटातही तसंच होतं. ताण सगळीकडे आहे, पण खडक सरकतो तो जुन्या भेगांच्या पट्ट्यात. खडक अचानक सरकला की त्याच्या लाटा चारी बाजूंनी पसरतात. तोच भूकंप.

आपल्याखाली कोणता खडक?

नागपूरच्या पश्चिमेला गेलात की काळा दगड आणि काळी माती लागते. ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे थर. भंडारा जिल्ह्यातला खडक त्याहून कितीतरी जुना आहे, शंभर कोटी वर्षांपेक्षाही जास्त. साकोली, पवनी, लाखांदूर या पट्ट्यातल्या खडकांना भूवैज्ञानिक ‘साकोली समूह’ म्हणतात. कधीकाळी पाण्याखाली साचलेला गाळ आणि चिखल, तसेच ज्वालामुखीतून आलेले थर खोल दाबले गेले, भाजले गेले आणि त्यांचा कठीण दगड झाला.

त्याचा पुरावा आपल्याच तालुक्यात आहे. दहेगाव माईन्सचं कायनाईट अनेकांना माहीत आहे. हे खनिज कारखान्यांच्या भट्टीत लागणाऱ्या उष्णता सोसणाऱ्या विटांसाठी वापरतात. कायनाईट तयार व्हायला प्रचंड दाब लागतो, म्हणजे तो खडक कधीतरी जमिनीत कित्येक किलोमीटर खोल होता. वरचे डोंगर झिजून गेले, म्हणून आज तो आपल्या हाताला लागतो. विहीर खणताना थोड्या खोलीवर दगड लागतो, बोअरला पाणी लागेलच असं नाही, आणि आपल्या पूर्वजांनी मामा तलाव व बोड्या बांधून पाणी अडवलं, यामागेही हाच कठीण खडक आहे. दगडाच्या पोटात पाणी फक्त भेगांपुरतंच मावतं.

मग मुलुगूचा झटका इतक्या दूर कसा आला?

आपल्या दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीचं खोरं आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथली जमीन दोन बाजूंच्या भेगांमधून खाली खचली. त्या खचलेल्या भागात साचलेल्या थरांत आजच्या कोळशाच्या खाणी आहेत. मुलुगूचा भूकंप याच पट्ट्यातला. 1969 साली भद्राचलमचा भूकंपही इथलाच. उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात असाच दुसरा जुना पट्टा आहे. 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप त्या पट्ट्यात झाला. आपण या दोन्हींच्या मधोमध, जुन्या आणि त्यामानाने शांत भागात आहोत.

पण कठीण, अखंड खडकातून लाटा लांबवर जातात. मुलुगूपासून लाखांदूर सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. पहिली हलकी लाट सेकंदाला जवळपास 6 किलोमीटर जाते, म्हणजे इथे पोचायला तिला 40 सेकंद लागतात. खरी हलवणारी दुसरी लाट सव्वा मिनिटाने येते. त्यात वैनगंगा आणि चुलबंदच्या काठची गाळाची, रेतीची जमीन खडकापेक्षा जास्त हलते. त्यामुळे एकाच तालुक्यात एका गावाला धक्का जाणवतो आणि दुसऱ्या गावाला पत्ताही लागत नाही.

कमी धोका म्हणजे धोकाच नाही, असं नाही

भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे झोन पाडले गेले, तेव्हा भंडारा जिल्हा कमी धोक्याच्या झोनमध्ये आला. ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण किल्लारी विसरून चालणार नाही. 1993 साली लातूर जिल्ह्यातलं किल्लारीही सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्येच होतं. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी तिथे 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आठ ते दहा हजार माणसं गेली.

तीव्रतेच्या आकड्यात एकाचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे 32 पट फरक. म्हणजे किल्लारीत मुलुगूच्या वीस पटीहून जास्त ऊर्जा बाहेर पडली, तीही जमिनीच्या अगदी जवळ. तरी माणसं मेली ती मुख्यतः घरांमुळे. रुंद दगडी भिंती मातीत रचलेल्या आणि वर माळवदाचा भार. भिंत फुटली आणि छत अंगावर आलं.

गोसेखुर्द धरणामुळे भूकंप होईल का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ तिथल्या जलाशयाशी लावतात. पण कोयना धरण 103 मीटर उंच आहे आणि पाणी खूप खोल आहे. गोसेखुर्द लांबीने मोठं असलं तरी उंचीने कोयनेच्या जवळपासही नाही. पाण्यामुळे भूकंप झाल्याची उदाहरणं जास्त करून खोल जलाशयांची आहेत.

घरकुल बांधताना हे बघा

आज गावोगावी मातीची घरं पाडून विटा-सिमेंटची घरं उभी राहत आहेत. कुडाची भिंत आणि कवेलूचं छत हलकं असतं. स्लॅब जड असतो. म्हणून भिंती नीट बांधलेल्या असणं आता जास्त महत्त्वाचं आहे.

• जोत्यावर, दार-खिडकीच्या वर आणि छताखाली सळई टाकून काँक्रीटचा सलग पट्टा चारही भिंतींवरून फिरवा. हा पट्टा घराला कमरपट्ट्यासारखा बांधून ठेवतो.
• दार-खिडकी कोपऱ्याला चिकटून ठेवू नका. किमान दोन फूट भिंत सोडा.
• दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घाला. भिंत मधून फुगत नाही.
• विटा भिजवूनच लावा. सिमेंट-रेतीच्या मसाल्यात सिमेंट वाचवू नका आणि पाणी मारायला कंटाळा करू नका.
• जुन्या मातीच्या घराचा कोपरा फाटला असेल तर पावसाळ्याआधी दुरुस्त करा. पावसात पडणारी भिंत भूकंपातही आधी पडते.

हादरा बसला तर

मातीच्या घरात दाराजवळ असाल तर लगेच मोकळ्या अंगणात या. भिंत, विजेचा खांब, मोठं झाड यांच्यापासून लांब राहा. पक्क्या घरात आत अडकलात तर मजबूत टेबल किंवा पलंगाखाली जाऊन डोकं झाका. हादरा थांबल्यावर गॅस आणि विजेचं मेन बंद करा, भिंतीला नवी भेग पडली का बघा, मगच आत जा. मदतीसाठी 112 वर फोन करा.

‘आज रात्री अमुक वाजता भूकंप येणार’ असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. तारीख आणि वेळ सांगून भूकंपाचं भाकीत जगात कुणालाच करता येत नाही. अँड्रॉइड मोबाईलवर मात्र भूकंपाची सूचना देणारी सोय सप्टेंबर 2023 पासून भारतात आहे. ती भाकीत करत नाही. भूकंप सुरू झाल्यावर जोराची लाट पोचण्याआधी काही सेकंद सावध करते. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा आणि आणीबाणीच्या भागात ती चालू आहे का, आजच तपासा. घरात म्हातारी माणसं, लहान लेकरं असतील तर ते काही सेकंदही अंगणात येण्यापुरते कामाचे आहेत.