विहिरीत उतरलेला पीकपेरा

बीड जिल्ह्याच्या पाण्याविषयी जे लिहिले, बोलले आणि छापले जाते, त्यातील बहुतेक भाग पाणी किती आहे याविषयीचा असतो. ते कसे आहे याची विचारपूस क्वचितच होते. १९७२ च्या दुष्काळापासून २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत ज्या मुलखाने घागरी रांगेत मांडून टँकरची वाट पाहिली, त्याला विहिरीच्या तळाशी पाणी दिसणे हेच भाग्य वाटावे, यात नवल नाही. तथापि केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालाने या जिल्ह्यापुढे दुसरा प्रश्न उभा केला आहे. देशभरातील १५,२५९ ठिकाणच्या नमुन्यांपैकी शेकडा सुमारे वीस नमुन्यांत, आणि महाराष्ट्रातील नमुन्यांपैकी शेकडा ३५.७४ नमुन्यांत, नायट्रेटचे प्रमाण पिण्यायोग्य मर्यादेबाहेर आढळले. आणि ज्या पंधरा जिल्ह्यांत हे प्रदूषण विशेष तीव्र म्हणून नोंदले गेले, त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, जळगाव आणि यवतमाळ यांच्या जोडीला बीडचे नाव आहे. मर्यादा ओलांडणारे जिल्हे देशात २०१७ साली ३५९ होते, ते २०२३ मध्ये ४४० झाले.

नायट्रेट म्हणजे नत्र आणि प्राणवायू यांचे संयुग. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाणी कितीही उकळले तरी ते निघून जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते किंचित दाट होते. तुरटी फिरवून, फडक्याने गाळून किंवा ब्लीचिंग पावडर टाकूनही त्याला धक्का लागत नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरभर पाण्यात ते ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, आणि या मर्यादेत सवलत ठेवलेली नाही. १९४५ साली अमेरिकेच्या आयोवा संस्थानात हंटर कॉमली या डॉक्टरांनी, शेतावरील विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांचे अंग निळसर पडत असल्याची नोंद केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्र या द्रव्याकडे सावधपणे पाहू लागले. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. सहा महिन्यांच्या आतील अर्भकाला हा आघात सोसत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला हे भय जवळजवळ नाही. ज्या घरात वरच्या दुधात विहिरीचे पाणी घालून बाळाला पाजले जाते, त्या घरात ते आहे.

हे नत्र विहिरीत कसे उतरते, ते पाहावयाचे तर गेवराई किंवा माजलगाव तालुक्यातील एखाद्या नव्या, अजून कडे न बांधलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहावे. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला पिवळट थर, मग मुरूम, मग भेगांनी चिरलेला खडक, मध्येच एखादा गेरूचा तांबडा पट्टा, आणि सर्वांत खाली काळा कातळ. पाणी झिरपते ते या थरांच्या सांध्यांतून आणि फटींतून. वैशाखात वरच्या काळ्या मातीला हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. मातीतले सूक्ष्म जीव सेंद्रिय द्रव्याचे आणि खताचे नत्र नायट्रेटमध्ये रूपांतरित करीत असतात, आणि तापलेली माती पहिल्या पावसाने भिजताच हे काम झपाट्याने होते. मातीच्या चिकण कणांवर ऋण विद्युत्भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. म्हणून माती त्याला धरून ठेवीत नाही. पिकाची मुळे अजून जमिनीत नाहीत, भेगा अजून मिटलेल्या नाहीत, अशा त्या आठवड्यांत मृगाचे पाणी हे विरघळलेले नत्र घेऊन थेट मुरमापर्यंत पोहोचते, आणि पुढचा रस्ता खडकाच्या फटींनी मोकळाच ठेवलेला असतो.

येथे थोडे गणित मांडणे अवश्य आहे, कारण त्यावाचून या संकटाचा आवाका ध्यानी येत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात शेकडा ४६ या हिशेबाने सुमारे २०.७ किलो नत्र असते, आणि पाण्यातील ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम नत्र. म्हणजे एका पोत्याचे सगळे नत्र पाण्यात उतरले, तर वीस लाख लिटर निर्मळ पाणी मर्यादेच्या काठावर येऊन उभे राहते. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर हजार वस्तीच्या गावाचे हे महिनाभराहून अधिक दिवसांचे पाणी झाले. सगळे नत्र उतरत नाही, हे खरे. काही पीक घेते, काही हवेत जाते. परंतु बीडचा पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला दहावा हिस्सा खडकात मुरला असे धरले, तर हेक्टरी साडेसहा लाख लिटर पाणीच काय ते खाली जाते. एवढ्या पाण्याला मर्यादेपर्यंत नेण्यास हेक्टरी साडेसहा किलो नत्र पुरते. कोकणासारख्या धो धो पावसाच्या प्रदेशात हेच नत्र पातळ होऊन वाहून गेले असते. पर्जन्यछायेतल्या आष्टी-पाटोद्याच्या जमिनीला ती मुभा नाही. कोरड्या मुलखाला खताची उधळपट्टी अधिक महाग पडते, आणि त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते.

आता ही जमीन पूर्वी काय होती आणि आज काय आहे, याकडे वळू. निजामाच्या अमलात आणि नंतरही पुष्कळ वर्षे जिल्ह्याचे बहुतेक शिवार जिरायत होते: ज्वारी, बाजरी, कापूस, करडई, जवस, आणि मधूनमधून तुरीचे पाटे. मोटेच्या विहिरीवर चार-दोन बिघे भिजत, तेवढीच बागायत. त्या व्यवस्थेतही नत्र झिरपत नसे असे मी म्हणणार नाही. रब्बीच्या ज्वारीसाठी पावसाळाभर मोकळे ठेवलेले काळे रान थोडेबहुत नत्र गमावीतच असणार. परंतु जमिनीत पडणारे नत्र मुळात शेणखताचे आणि द्विदल पिकांच्या मुळांचे होते, बेताचे होते, आणि तुरीची खोल मुळे खाली निसटू पाहणारे नत्र पुन्हा वर ओढून घेत.

पहिला बदल बागायतीचा. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले, त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, आणि कालव्याच्या बाजूने, पुढे विजेच्या पंपांच्या बळावर कालव्यापासून दूरही, उसाचे मळे उभे राहिले. कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी पन्नास किलोच्या आसपास नत्राची शिफारस असते. सुरू उसाला ती २५० किलोंची आणि आडसालीला ४०० किलोंची. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘जिरायत’ हा शब्द जाऊन तेथे ‘बागायत’ हा शब्द आला, की त्या गटातील नत्राचा व्यवहार पाचपट-आठपट झाला असे समजावे. त्यात भर पाणी देण्याच्या रीतीची. सरीत युरिया विस्कटायचा आणि रात्री वीज आली की मोकाट पाणी सोडून द्यायचे, ही रीत शेतकऱ्याच्या अज्ञानातून आलेली नाही. आठ तासांची, तीही अवेळी येणारी वीज ज्याच्या नशिबी आहे, तो दुसरे काय करणार? परंतु वाफशाची वाट न पाहता दिलेले ते पाणी मुळांच्या खाली जाते आणि खत सोबत घेऊन जाते. २००२ नंतर बीटी कापसाने कोरडवाहू रानातही पोत्यांची संख्या वाढविली. आणि १९९२ साली स्फुरद व पालाश यांच्या किमती नियंत्रणमुक्त होऊन युरिया मात्र स्वस्त राहिल्याने, तीन अन्नद्रव्यांचा तोल सुटून तराजू नत्राकडे झुकला. ज्या पिकाला स्फुरद-पालाश पुरेसे मिळत नाही, ते नत्रही पुरते उचलू शकत नाही, आणि न उचललेले नत्र कोठे जाते हे वर आलेच आहे.

दुसरा बदल गायरानांचा. कुरण वर्षानुवर्षे अखंड राहिले म्हणजे त्याच्या मुळांत आणि मातीत सेंद्रिय नत्राचा संचय होतो. नांगर फिरताच तो संचय कुजून मोकळा होतो आणि पहिल्या काही पावसाळ्यांत, खत न घालताही, नायट्रेट होऊन खाली उतरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने अन्नासाठी लक्षावधी एकर कुरणे नांगरली, आणि तेथल्या खडूच्या खडकांत ते नत्र कित्येक दशके खाली सरकत राहिले. मराठवाड्यात मात्र या विषयावर बोलताना न्यायबुद्धी सोडता येणार नाही. येथील गायराने ज्यांनी कसायला घेतली, त्यांत पिढ्यानपिढ्या भूमिहीन ठेवलेली दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने याच जिल्ह्यातून त्यांच्यासाठी लढा दिला, आणि त्या जमिनीच्या तुकड्याने माणसांना उभे राहण्यापुरती जागा दिली. मुरमाड गायरानावर बाजरीची चार पोती काढणाऱ्याच्या माथी पाण्याच्या प्रदूषणाचे खापर फोडणे हा अन्याय होईल, आणि तो शास्त्रालाही धरून होणार नाही. त्याच्या वाट्याला युरियाची पोती कितीशी येतात?

तिसरा बदल गावठाणातला, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला तीन-चार किलो नत्र बाहेर पडते. ते पूर्वी शिवारभर विखुरले जाई. आज घरोघरी शौचालये झाली, आणि हजार माणसांचे तीन-चार टन नत्र काही एकरांच्या गावठाणात, शोषखड्ड्यांत एकवटले. शौचालये हवीतच, पटकी आणि हगवण यांनी घेतलेले बळी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना याविषयी शंका नसावी. परंतु ज्या खडकाच्या भेगांतून विहिरीला पाणी येते, त्याच भेगांवर खड्डा खोदला, गोठा आणि उकिरडाही तेथेच राहिला, आणि शंभर पावलांवर गावाच्या नळयोजनेची विहीर असली, तर तिच्या पाण्यात नायट्रेट सापडण्यासाठी उसाच्या मळ्याची गरज उरत नाही. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव यांच्या भोवतालच्या जमिनी अकृषिक होऊन तेथे भुयारी गटारांच्या आधी वसाहती झाल्या, तेथेही हाच प्रकार आहे. आणि विंधन विहिरींनी तर वरच्या थरातील दूषित पाण्याला खालची वाट उघडून दिली: केसिंग वरच्या काही फुटांपुरतेच असते, त्याच्या भोवतीची पोकळी सिमेंटने भरलेली नसते, आणि शेकडो फूट खालचे जुने पाणी वरच्या पाण्याशी नळीतूनच मिसळते.

कायद्याची गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजल विनियमनाचा कायदा केला आणि सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास मनाई केली. २००९ च्या कायद्याने पुढे भूजलाच्या गुणवत्तेच्या रक्षणाचाही अंतर्भाव केला. पाणी कोणी उपसून नेऊ नये म्हणून आखलेले ते ५०० मीटरचे वर्तुळ प्रत्येक ग्रामसेवकाला परिचित आहे. त्याच वर्तुळात काय पेरले जाते, किती पोती पडतात, किती खड्डे आहेत, हेही तितक्याच कसोशीने पाहिले जावे, असे माझे म्हणणे आहे. जर्मनीतील म्युनिक शहराने १९९२ पासून, आपले पाणी जेथून येते त्या मांगफाल खोऱ्यातील शेतकऱ्यांना पैसे देऊन सेंद्रिय शेतीकडे वळविले. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रापेक्षा जमीन सांभाळणे त्या नगरपालिकेला स्वस्त वाटले. आपल्याकडे गावोगाव आरओची यंत्रे बसतात आणि पाच-दहा रुपयांना जार मिळतो. ते यंत्र नायट्रेट काढते हे खरे, पण काढलेले नायट्रेट दाट पाण्याच्या रूपाने यंत्रामागच्या नालीत सोडून देते, आणि ती नाली त्याच गावठाणात मुरते.

बीडच्या खडकात एक आशेची बाजूही आहे. बेसॉल्टमध्ये पाण्याचा साठा थोडा असतो, म्हणून उथळ विहिरीतील पाणी ब्रिटनमधल्यासारखे दशकानुदशके न अडकता काही वर्षांत बदलते; वरची जमीन सुधारली तर ते त्याच शेतकऱ्याच्या हयातीत दिसू शकते. पाणवठ्याच्या वर्तुळातील रान तूर, हरभरा, गवत किंवा बालाघाटच्या डोंगरउतारावर रुजलेल्या सीताफळासारख्या झाडांखाली ठेवणे, आणि त्यासाठी मालकाला रोख मोबदला देणे, हे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही. उसाच्या बाबतीत तर विहिरीचे पाणीच खत आहे, हे फार थोड्यांना कोणी सांगितले आहे. मर्यादेच्या काठावरचे एक कोटी लिटर पाणी हेक्टरभर उसाला विहिरीतून दिले, तर त्यासोबत शंभर किलो नत्र जाते. म्हणजे जवळजवळ पाच पोती युरिया, फुकट. ज्याच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली आहे, तो तेवढी पोती कमी टाकू शकतो, आणि तेवढे नत्र उसामार्फत पाण्यातून वर काढू शकतो.

२०२१ च्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणीमुळे प्रत्येक गटातील पीक शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून नोंदवितो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर विहिरींचे नमुने घेते. गटवार पिकांची ही यादी आणि विहिरीवार नायट्रेटचे हे आकडे एकाच गावनकाशावर उतरवून उन्हाळ्यातल्या ग्रामसभेपुढे, पेरणीपूर्वी आणि युरियाची खरेदी सुरू होण्यापूर्वी, ठेवले जावेत; त्यासाठी नवे खाते नको, नवा कायदा नको, तलाठी, कृषी सहायक आणि पाणीपुरवठ्याचा कर्मचारी यांनी एका दुपारी एकत्र बसणे पुरे.