मधुमेहाशी ओळख (लेखांक ६) : रक्ताचा रिपोर्ट आणि डोळ्याचा पडदा

‘तीन महिन्यांची साखर ६.८ आली, म्हणजे डोळ्यांची काळजी मिटली ना?’ हा प्रश्न मधुमेहाच्या दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. उत्तर ‘नाही’ असं आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचाच हिशेब देतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या केशवाहिन्या मात्र वर्षानुवर्षं झिजत आलेल्या असतात.

अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटाची एचबीएवनसी ७ च्या आसपास ठेवली, दुसऱ्याची ९ च्या आसपास राहिली. सुरुवातीला पडदा निरोगी असलेल्यांमध्ये पहिल्या गटाला पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला. खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच घडली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांचे आकडे ८ च्या जवळपास आले, तरीही आधी साखर आटोक्यात असलेल्यांचे डोळे पुढची कित्येक वर्षं जास्त चांगले राहिले. आजचा चांगला रिपोर्ट जुनं नुकसान पुसत नाही, पण सुरुवातीची चांगली वर्षं दीर्घकाळ उपयोगी पडतात.

बरीच वर्षं वाढलेली साखर औषधांनी झपाट्यानं खाली आणली, तर पहिल्या काही महिन्यांत पडदा उलट बिघडू शकतो. म्हणून उपचार थांबवायचे नाहीत. फक्त पडदा आधी तपासून घ्यायचा.

आकडाही फसवू शकतो. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल बरंच आढळतं. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही आणि एचबीएवनसी खोटी कमी दिसते. लोहाच्या कमतरतेनं ती उलट वाढलेली दिसू शकते. अशा रुग्णांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही बघायलाच हवी.

कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन यांचे आकडेही डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लघवीतून प्रथिनं जात असतील तर तेही जरूर सांगा, कारण मूत्रपिंडाच्या आणि पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बहुधा बरोबरच बिघडतात. रक्तदाबाचं महत्त्वही साखरेइतकंच.

हे सगळे आकडे धोका किती ते सांगतात. पडदा प्रत्यक्ष कसा आहे, हे तो पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि नजर स्वच्छ असतानाही तो बिघडलेला असू शकतो. टाइप २ मध्ये निदान होताच, टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत आणि त्यानंतर साधारण दरवर्षी पडद्याची तपासणी करावी. मधुमेह असलेल्या बाईनं गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत करावी. थेंब घालून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. तेव्हा गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या.

पुढच्या आठवड्यात : पडद्याला सूज आली तर लेझर की इंजेक्शन?