पुसण्याआधी विचारणारी प्रणाली

डेबियन टाकताना एका पडद्यावर हात थबकतो. ठरवलेले बदल डिस्कवर लिहायचे का, एवढाच प्रश्न असतो. खाली दोन उत्तरं, होय आणि नाही, आणि खूण आधीपासून ‘नाही’वर ठेवलेली असते. गडबडीत एंटर दाबत आलेल्या माणसाच्या डिस्कवरचं एक अक्षरही इथे पुसलं जात नाही. ही ऑपरेटिंग सिस्टीम मी बऱ्याच यंत्रांवर टाकली, आणि दर वेळी या ‘नाही’पाशी ती घडवणाऱ्यांविषयी मनात माया दाटून येते. कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध, कुणाच्या दुकानाचा हिशेब त्या डिस्कवर असेल, हा विचार त्यांनी आपल्याआधी केलेला असतो.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक या अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने या प्रकल्पाची घोषणा केली. डेबियन ज्यावर उभं आहे तो लिनक्सचा गाभा तेव्हा दोनच वर्षांचा होता आणि तो वापरायला सोपा करून देणारे संच घाईघाईने बांधलेले असत. मर्डॉकला असा संच हवा होता, जो अनेकांनी मिळून, उघड्यावर आणि निगुतीने जोपासावा. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, दोन नावं जोडून ‘डेबियन’ झालं. मर्डॉक २०१५ साली गेला, पण काम थांबलं नाही, कारण ते एकट्याचं कधी नव्हतंच. डेबियनला मालक कंपनी नाही. सुमारे हजार अधिकृत विकासक जगभरातून ते सांभाळतात आणि दर वर्षी मतदानाने आपला नेता निवडतात. त्यांचं वार्षिक संमेलन सप्टेंबर २०२३ मध्ये केरळात, कोचीला भरलं होतं. भारतात ते पहिल्यांदाच आलं. आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांवरून पडतात. कायम काम चालू असलेल्या अस्थिर शाखेचं नाव सिड आहे, म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा पोरगा. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेली तेरावी आवृत्ती ट्रिक्सी. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, पण तारखेचं बंधन कुणी पाळत नाही. तयार झाली की देतात.

१९९७ साली या मंडळींनी वापरणाऱ्यांशी एक सामाजिक करार केला. डेबियन पूर्णपणे मुक्त राहील आणि दोष लपवले जाणार नाहीत, असं त्यात आहे. याच कराराने एक खरी अडचण उभी केली. लॅपटॉपमधली वाय-फायची चिप चालायला उत्पादकाने दिलेला एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याचा मूळ कोड बहुतेक वेळा बंद असतो. मुक्त नाही म्हणून डेबियनच्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये तो नसे. नवखा माणूस उत्साहाने बसायचा आणि नेटवर्कच्या पायरीला अडकायचा. नेटसाठी फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर आणायला नेट हवं! मग शेजारच्याच्या संगणकावरून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ती फाइल आणायची. कित्येक जण तिथूनच परत फिरले. २०२२ मध्ये विकासकांनी मतदान घेतलं, करारात दुरुस्ती केली, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर सोबतच येऊ लागलं. तत्त्वाला मुरड घातली, अशी हळहळ काहींना वाटली. मला निर्णय योग्य वाटतो. दारातच अडखळलेल्या माणसापर्यंत कुठलंच तत्त्व पोचत नाही. शिवाय मुक्त नसलेल्या वस्तू वेगळ्या कप्प्यात, तशी पाटी लावून ठेवल्या आहेत.

प्रत्यक्ष कृती एका निवांत दुपारची आहे. डेबियनच्या संकेतस्थळावरून एक जीबीपेक्षा लहान प्रतिमा-फाइल उतरवायची. तिची पडताळणी करायची सोय तिथेच असते, ती टाळू नये. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. ‘रूफस’सारख्या प्रोग्रामने ती लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं सगळं जातं. मग संगणक सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा त्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून पेनड्राइव्हवरून चालू करायचा. विंडोज ठेवून शेजारी डेबियन हवं असेल, तर विंडोजमध्येच आधी त्याचं पार्टिशन लहान करून जागा मोकळी करा, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, आणि डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून घ्या. आणि या सगळ्याच्या आधी बॅकअप. इन्स्टॉलर कितीही काळजीवाहू असला तरी ‘होय’ म्हटल्यावर तो पुसणारच.

पुढे तो एकेक विचारत जातो. रूट, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याच्या, पासवर्डपाशी बहुतेकांचा गोंधळ होतो. ती जागा रिकामी सोडली, तर डेबियन वेगळा रूट चालू न करता तुमच्याच खात्याला व्यवस्थापकाचे अधिकार देतं. घरच्या संगणकाला हेच सोयीचं. डेस्कटॉप निवडताना काही बदललं नाही तर ग्नोम मिळतो. चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर मी एक्सएफसीई निवडतो. दिसायला साधा, पण यंत्राला दम लागत नाही. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस डेस्कटॉपसोबतच येतात. दोन्ही प्रणाली शेजारी असल्या, तर विंडोजचं घड्याळ कधीकधी साडेपाच तास मागे पडतं. बॅटरी संपलेली नसते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ धरून चालतं, आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सलाही स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

सगळ्यात पहिला प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. तो भाषेचा असतो आणि त्या यादीत मराठी आहे. पण चित्ररूप इन्स्टॉलर निवडला तरच ती दिसते, आणि याचं कारण आपल्या लिपीत आहे. जुन्या अक्षरी पडद्यावर प्रत्येक अक्षराला एक ठरावीक चौकट मिळते. इंग्रजीचं त्यावर भागतं. देवनागरीत ‘कि’ लिहिताना उच्चारात नंतर येणारी वेलांटी आधी काढावी लागते, ‘र्त’चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, ‘क्ष’ तर दोन अक्षरं गिळून तिसरंच रूप घेतो. चौकटीत हे मावत नाही. २००७ च्या चौथ्या आवृत्तीत चित्ररूप इन्स्टॉलर आला, तेव्हा या लिपींना नीट उभं राहायला जागा मिळाली. डेबियनमध्ये मिळणारा ‘लोहित देवनागरी’ हा फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडवला आणि रेड हॅटने तो मुक्त परवान्याखाली खुला केला. छापखान्यांतली श्री-लिपी मॉड्युलरचीच.

टाकून झाल्यावर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट मांडणी जोडून घ्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आठवडाभरात बोटं सरावतात. शिफ्ट धरून एन दाबलं की ‘ळ’ येतो. शिफ्ट धरून जे, मग डीवरचा हलन्त, मग य, असं केलं की ‘वाऱ्यावर’मधला तो अर्धचंद्री र उमटतो, जो हिंदीला लागत नाही आणि आपल्याला पानोपानी लागतो. तो जसाच्या तसा उमटलेला पाहिला की हे यंत्र आपलं वाटायला लागतं.

सगळ्यांनी आजच विंडोज पुसावं, असं मी सांगणार नाही. श्री-लिपी, पेजमेकर किंवा टॅलीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी ते ठेवावं आणि डेबियन शेजारी टाकावं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि अनेक धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत म्हणून भंगारात निघाले आहेत. तसा एखादा तुमच्या कपाटात असेल, तर तो ६४ बिटचा आहे का एवढं पाहा, कारण ट्रिक्सीचा इन्स्टॉलर ३२ बिटच्या पीसीसाठी मिळत नाही. असेल, तर त्यातले फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या, आणि येत्या रविवारी घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून डेबियन टाका. भाषेच्या यादीत मराठी निवडा.