टिपेश्वरच्या हद्दीपलीकडे

जून २०१९ मध्ये टिपेश्वरच्या एका तरुण वाघाने अभयारण्य सोडले. गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेची रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळत गेली. दिवसा नाल्याकाठच्या झुडपांत किंवा उभ्या पिकात दडायचे आणि रात्री चालायचे, असा त्याचा क्रम. तेलंगणातल्या आदिलाबादच्या जंगलापर्यंत जाऊन, विदर्भ-मराठवाड्याचे जिल्हे पार करत डिसेंबरमध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा १,३०० किलोमीटरहून अधिक अंतर झाले होते. पुढे हा आकडा ३,००० वर गेला. जगभर तो ‘वॉकर’ म्हणून ओळखला गेला.

त्याला घर का सोडावे लागले? कारण यवतमाळ जिल्ह्यातले हे घर संपन्न आहे, पण लहान आहे.

केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतल्या टेकड्यांवर पसरलेले हे सागाचे जंगल जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. ताडोबाचे गाभा क्षेत्रच ६२५ चौरस किलोमीटर आहे. तरीही टिपेश्वरमध्ये वाघाबरोबर बिबट, अस्वल, तरस, चितळ, सांबर, रोही आणि रानडुक्कर नांदतात. एका जागी इतके प्राणी सामावतात, कारण इथली जमीन एकसारखी नाही. उतारावरच्या विरळ झाडीत चौसिंगा एकटा-दुकटा वावरतो; चार शिंगांचा हा जगातला एकमेव रानटी सस्तन प्राणी. मोहाची फुले गळू लागली की अस्वले झाडाखाली येतात. आतली गावे बाहेर वसवल्यावर त्यांच्या शेतजमिनींवर गवत वाढले आणि चितळांना चराई मिळाली. चितळ वाढले की वाघिणीची पिल्लेही जगतात.

पिल्लू दोनेक वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होते. नराला स्वतःचा इलाखा लागतो, आणि इथे तो आधीच कुणाचा तरी असतो. म्हणून तरुण वाघ बाहेर पडतात. २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाटच्या कॅमेऱ्यात टिपलेला वाघ याच भागातला होता. धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये दिसलेला वाघही टिपेश्वरचाच.

या वाटा माणसांच्या शेतांतूनच जातात. यवतमाळच्याच पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात १३ माणसांच्या मृत्यूशी जोडली गेलेली टी-१ वाघीण, म्हणजे ‘अवनी’, २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. पहाटे कपाशीच्या शेतात जाणाऱ्या, तेंदूपाने वेचायला रानात शिरणाऱ्या माणसांची भीती खरी आहे. रोही आणि रानडुकरे रातोरात पीक फस्त करतात, तो संतापही खरा आहे. त्याच संतापातून कुंपणात वीज सोडली जाते, तारेचे फास लावले जातात. हे फास रानडुकरासाठी असले तरी टिपेश्वरच्या वाघांच्या गळ्यातही अडकले आहेत.

अभयारण्याच्या कुंपणाआतली राखण पुरेशी नाही, हे वॉकरच्या वाटेने दाखवून दिले. नाल्याकाठची झाडी तोडू नये, रस्ते बांधताना प्राण्यांसाठी भुयारी वाट ठेवावी, आणि पीक किंवा जनावर गमावलेल्या शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळावी. टिपेश्वरचे वैभव टिकवायचे तर ही तिन्ही कामे शासनाने एकाच वेळी हाती घ्यायला हवीत.