उताऱ्यावर थेट पेन चालत नाही

शिंदखेड्यात शेत विकत घेतलं, तरी सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडून आपलं नाव कुणाला लिहिता येत नाही. तलाठी आधी फेरफार नोंद घेतो, चावडीवर तिची प्रत लागते, संबंधितांना नोटीस जाते. हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच उतारा बदलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० ने ही वाट आखून दिली आहे. उतारा पाहायला मात्र कुणालाही मनाई नाही.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये प्रायव्हेट आणि पब्लिक हेच काम करतात. सातबाऱ्याचा क्लास लिहिताना खातेदार आणि क्षेत्र प्रायव्हेट ठेवलं, तर बाहेरच्या कोडने त्यांना हात लावताच सी प्लस प्लस किंवा जावाचा कंपायलर चूक दाखवून थांबतो. बदल हवा असेल तर क्लासने दिलेल्या पब्लिक फंक्शनकडेच यावं लागतं. प्रोटेक्टेड असेल तर त्या क्लासपासून तयार झालेल्या क्लासलाही आत येता येतं; जावात त्याच पॅकेजमधल्या क्लासनाही.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की, जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते बाकीच्या प्रोग्रामपासून झाकून ठेवावेत. क्षेत्र आज हेक्टर-आरमध्ये साठवलं आणि उद्या चौरस मीटरमध्ये साठवायचं ठरलं, तर दुरुस्ती एका क्लासपुरती राहते. क्षेत्र उघडं असेल, तर ते जिथे जिथे वापरलं ती प्रत्येक ओळ शोधत बसा.

आपल्या मुलांना हे शिकवताना एक गोष्ट हमखास निसटते. ते प्रत्येक माहिती प्रायव्हेट करतात आणि लगेच प्रत्येकीसाठी गेटर-सेटर लिहून मोकळे होतात. येईल ती किंमत मुकाट्याने भरणारा सेटर कसलीच राखण करत नाही; उणे दोन हेक्टरही तो स्वीकारतो. ‘खातेदार बदला’ असं फंक्शन देण्याऐवजी ‘फेरफार प्रमाणित करा’ असं द्यावं आणि नोटीस, मुदत, हरकत यांची तपासणी त्याच्या आतच व्हावी. नियम एकाच जागी असला की तो चुकून वगळला जात नाही.

‘चुकून’ हा शब्द इथे महत्त्वाचा. प्रायव्हेट म्हणजे चोराविरुद्धचं कुलूप नव्हे. जावात रिफ्लेक्शन वापरून अनेकदा आत शिरता येतं, आणि पायथनमध्ये तर नावापुढची एक अधोरेषा हा केवळ संकेत आहे. गोपनीय माहिती जपायची असेल तर एन्क्रिप्शन आणि सर्व्हरवरचे अधिकार यांचीच व्यवस्था करावी लागते.